सहा व्होल्टची युद्धकाळातली जीप बारा व्होल्टवर नेताना

विलीज एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यू पहिल्यांदाच हातात आलेल्यांसाठी हे लिहितो आहे. अमेरिकी सैन्याच्या कागदांत हिची नोंद ‘पाव टनी ट्रक’ अशी आहे. आपण तिला जीप म्हणतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने इथे सोडलेल्या आणि पुढे आपल्या लष्कराच्या लिलावांतून बाहेर आलेल्या या गाड्या आजही महाराष्ट्रात बऱ्याच जणांनी सांभाळून ठेवल्या आहेत. मूळची ही गाडी सहा व्होल्टची. सहा व्होल्टची चांगली बॅटरी, बल्ब, हॉर्न शोधताना दमछाक होते आणि शेवटी कुणीतरी सांगतं, “बारा व्होल्टची बॅटरी टाक, काही होत नाही.” नुसती बॅटरी बदलली तर होतं. पॉइंट (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या, कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या चकत्या) जळतात, कॉइल (ठिणगीसाठी बॅटरीचं व्होल्टेज वाढवणारा भाग) तापून तिच्यातलं तेल बाहेर येतं आणि पेट्रोलचा काटा कायमचा जातो.

अख्ख्या कामात एकच गोष्ट धरून चालायची. बॅटरीचा आकडा दुप्पट केला की प्रत्येक भागातून आता किती करंट जाणार, हे त्या त्या भागाला विचारायचं. वायरीला फायदा होतो, कॉइलला धोका असतो, कंडेन्सरला (पॉइंटना जोडलेल्या छोट्या कपॅसिटरला) फरक पडत नाही, सेल्फला (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरला) थोडा काळ चालतं. उत्तर प्रत्येकाचं वेगळं आहे, म्हणून काम टप्प्याटप्प्याने करायचं.

1. गाडीत सध्या काय आहे ते पाहा

ऐंशी वर्षांच्या गाडीत मागच्या मालकांनी काय काय केलं असेल याचा नेम नसतो. बॅटरीवर मीटर लावा. चांगली चार्ज झालेली सहा व्होल्टची बॅटरी इंजिन बंद असताना साधारण 6.3 व्होल्ट दाखवते, बाराची 12.6. मग डायनामो, सेल्फ आणि कॉइलवरच्या पट्ट्या वाचा. गंज असेल तर रॉकेलच्या बोळ्याने पुसा. कानस लावू नका, अक्षरं कायमची जातील.

बॅटरी बाराची, डायनामो सहाचा, कॉइल कुठल्या तरी तिसऱ्याच गाडीची असा संसारही दिसेल. अशा वेळी काहीही सुरू करून बघायचा मोह आवरा आणि यादी करा.

अर्थ कुठल्या बाजूला आहे तेही याच वेळी पाहून ठेवा. एमबी आणि जीपीडब्ल्यू दोन्हीत मायनस अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचा मायनस चासीला जातो. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत उलटा, प्लस अर्थ असतो. तसल्या गाडीवर हात बसलेला मिस्त्री सवयीने उलट जोडू शकतो, म्हणून त्याला आधीच सांगा.

तुमची गाडी 1950 नंतरची एम 38 किंवा डॉजची एम 37 असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. त्या 24 व्होल्टच्या आहेत आणि त्यांची कॉइल पाण्यापासून बंद केलेल्या डिस्ट्रिब्युटरच्या पोटातच असते. ते काम वेगळं. युद्धकाळातल्या सहा व्होल्टच्या डॉजसाठी मात्र इथलं बहुतेक सगळं लागू पडतं. फक्त गॅप, टायमिंग आणि फायरिंग ऑर्डर तिच्या पुस्तकातून घ्या.

2. बदल खरंच हवा का, ते तपासा

सेल्फ जड फिरतो म्हणून बारा व्होल्ट करायला निघालेल्या गाड्यांपैकी पुष्कळ गाड्यांचा दोष अर्थमध्ये असतो. हिशेब बघा. सेल्फ 200 अँपिअर ओढतो आहे आणि केबल, लग (केबलच्या टोकाची धातूची पकड), अर्थची पट्टी यांचा मिळून रोध फक्त 0.005 ओहम आहे असं धरा. एक व्होल्ट वाटेतच गेला, म्हणजे सहातला सहावा हिस्सा. तेवढंच काम बारा व्होल्टवर 100 अँपिअरमध्ये होतं, वाटेत अर्धा व्होल्ट जातो, म्हणजे चोविसावा हिस्सा. सहा व्होल्टची गाडी घाणेरडा जोड खपवून घेत नाही ती यामुळे.

तपासणी सोपी आहे. कॉइलची मधली वायर काढून अर्थ करा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरं सेल्फच्या बोल्टवर ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मग तेच बॅटरीच्या मायनस खांबापासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत करा. कुठेही 0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष तिथे आहे. टोक लगवर ठेवायचं नाही, खांबाच्या शिशावरच ठेवायचं. लग आणि खांब यांच्यातला काळा थरच अनेकदा गुन्हेगार असतो.

दुसरा नेहमीचा दोष केबलचा. आजच्या कारच्या बारीक बॅटरी केबल बसवलेल्या असतात. सहा व्होल्टला त्याच्या दुप्पट तरी जाडी लागते. केबल बदलली, अर्थची पट्टी रंग खरवडून उघड्या लोखंडावर घट्ट बसवली की पुष्कळ गाड्या मूळ सहा व्होल्टवरच छान सुरू होतात. तुमची गाडी प्रदर्शनापुरतीच बाहेर निघत असेल आणि मूळचं सगळं सामान जागेवर असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. सहा व्होल्टवरच ठेवा.

रोज ना रोज चालवायची आहे, रात्रीचा घाट चढायचा आहे, वाटेत कुठल्याही गावात बॅटरी किंवा बल्ब मिळायला हवा, अशी गरज असेल तर पुढे वाचा.

3. कागद आणि हत्यारं

आधी कागद. आरसी, विमा, आणि इंजिन व चासी नंबरांचे स्वच्छ फोटो. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज नोंदणीची वेगळी तरतूद केली. नंबरात ‘व्हीए’ येतं, नवी नोंदणी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं आणि नूतनीकरण 5,000 रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल नकोत. व्होल्टेज बदलताना या तिन्हींना हात लागत नाही. तरीही त्या नोंदणीसाठी जायचं असेल तर पूर्वीचे फोटो आणि काढलेलं सामान दाखवता येईल असं ठेवा. नवी भोकं पाडू नका आणि दिसणाऱ्या जागी आधुनिक भाग लटकवू नका. या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, हेही ध्यानात असू द्या.

दोन पुस्तकं मिळवा. अमेरिकी लष्कराचं टीएम 9-803 हे या जीपचं चालक आणि दुरुस्तीचं पुस्तक, फेब्रुवारी 1944 चं. टीएम 9-1825बी ऑटो-लाइट या कंपनीच्या इलेक्ट्रिकल सामानावर आहे. दोन्हींच्या छापील प्रती आणि स्कॅन सहज सापडतात. वायरिंगचं पान मोठं करून छापून घ्या आणि गॅरेजच्या भिंतीला लावा. डॉजसाठी टीएम 9-808.

हत्यारं आणि सामान:

- डिजिटल मल्टिमीटर आणि बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प
- फीलर गेज, इंच मापाचं
- इंच मापाचे पाने, विशेषतः 7/16, 1/2 आणि 9/16. मिलिमीटरचा पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून लावला की नटाचे कोपरे गेले
- लग दाबायचा चांगला क्रिम्पर, उष्णतेने आकसणारी नळी, कागदी लेबलं
- फ्यूज होल्डर आणि फ्यूज
- बारीक पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, पेट्रोलियम जेली

खरेदीला पुण्यात नाना पेठ आणि इलेक्ट्रॉनिक सामानाला बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. मुंबईत ऑपेरा हाउसचा स्पेअर पार्टचा बाजार, कुर्ल्याचा जुना बाजार आणि लॅमिंग्टन रोड. बाजारात जाताना जुना भाग पिशवीत घेऊन जा. “जीपचा द्या” म्हटलं तर दुकानदार महिंद्राच्या नंतरच्या गाडीचा भाग देतो, आणि त्याचं चूकही नसतं.

4. बॅटरी सोडवा, लेबलं लावा

चाकांना उटी लावा, गिअर न्यूट्रलला घ्या. आधी बॅटरीची अर्थची केबल काढा, मग प्लसची. उलट क्रमाने केलं आणि पाना बॉडीला टेकला तर तो तिथेच चिकटेल.

मग फोटो. प्रत्येक जोडाचा एक लांबून, एक जवळून. प्रत्येक वायरीला लेबल, वायर कुठून कुठे जाते ते लिहून. जुन्या कापडी वेष्टनाच्या वायरीचा रंग उडालेला असतो, म्हणून रंगावर विसंबू नका. वायर जरा वाकवून पाहा. वेष्टन फुटून भुगा पडला तर अख्खं वायरिंग बदलायचं, तिथे तडजोड नाही. वेष्टन धड असेल तर जुनी वायर ठेवायला हरकत नाही. सहा व्होल्टसाठी ती मुळात जाड दिलेली आहे आणि आता तिच्यातून त्याच दिव्यासाठी निम्मा करंट जाणार.

काढलेला प्रत्येक सहा व्होल्टचा भाग पुसून, गुंडाळून, नाव लिहून पेटीत. भंगारात काही देऊ नका. पुढेमागे गाडी मूळ रूपात न्यावीशी वाटली, किंवा ती दुसऱ्याच्या हातात गेली, तर त्या पेटीचं मोल कळेल.

5. कॉइल

सगळ्यात जास्त गोंधळ आणि नुकसान इथेच होतं, म्हणून सावकाश वाचा.

सहा व्होल्टच्या कॉइलच्या प्रायमरीचा, म्हणजे बॅटरीचा करंट ज्यातून जातो त्या गुंडाळीचा, रोध साधारण दीड ओहम असतो. सहा व्होल्ट भागिले दीड म्हणजे चार अँपिअर. पॉइंटच्या छोट्या टंगस्टनच्या चकत्या एवढा करंट वर्षानुवर्षं तोडू शकतात. त्याच कॉइलला बारा व्होल्ट दिले तर आठ अँपिअर. गाडी सुरू होते, पिकअपही झकास वाटतो. पण थोड्याच दिवसांत पॉइंट निळे-काळे पडतात, एका चकतीवर टेकडी आणि समोरच्या चकतीवर खड्डा तयार होतो, आणि गाडी मिसिंग करू लागते. कॉइलला हात लावला तर चटका बसतो.

म्हणजे बॅटरी बाराची झाली तरी पॉइंटमधला करंट चारच्या आसपासच राहायला हवा. त्यासाठी एकूण रोध तीन ओहम हवा. तो दोन प्रकारे मिळतो.

एक, बारा व्होल्टची अशी कॉइल जिच्या प्रायमरीचाच रोध तीन ओहमच्या आसपास आहे. अँबॅसिडर आणि पद्मिनी यांसारख्या पॉइंटवाल्या गाड्यांना चालणारी साधी कॉइल घ्या.

दोन, जुनी सहाची कॉइल ठेवून तिच्या आधी दीड ओहमचा बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे करंट आवरणारा जादा रोध. हा सिरॅमिकचाच हवा. पॉइंट बंद असताना त्यात 30 वॉटपर्यंत उष्णता तयार होते, म्हणून तो लोखंडी पत्र्यावर, हवा लागेल अशा जागी आणि पेट्रोलच्या नळीपासून दूर बसवायचा.

मी पहिला मार्ग सुचवतो, आणि त्याचं कारण या जीपच्या सेल्फच्या स्विचमध्ये आहे. बॅलास्टवाल्या गाड्यांत सेल्फ मारताना बॅटरी नऊ-दहा व्होल्टपर्यंत खाली येते, तेव्हा बॅलास्टला वळसा घालून कॉइलला पूर्ण व्होल्टेज देणारी एक जादा वायर असते. जीपचा सेल्फ पायाने दाबायच्या साध्या स्विचवर चालतो. त्याला केबलचे दोनच बोल्ट आहेत, वळशाच्या वायरीला जागाच नाही. वळसा नसलेला बॅलास्ट लावला की थंडीत, बॅटरी अर्धी असताना, नेमकी स्पार्क कमी पडते.

कॉइल विकत घेताना दुकानातच मीटर लावा. मीटरची दोन टोकं आधी एकमेकांना टेकवा. 0.2 किंवा 0.3 ओहम दिसेल, तो मीटरच्या वायरींचा रोध. मग कॉइलच्या दोन बारीक टर्मिनलांवर ठेवा आणि आलेल्या आकड्यातून तो वजा करा. तीन ते साडेतीन आला तर घ्या. दीडच्या आसपास आला तर ती बॅलास्टवर चालणारी आहे, लेबलवर ‘बारा व्होल्ट’ लिहिलेलं असलं तरी. एक ओहमच्या खाली आला तर ती इलेक्ट्रॉनिक इग्निशनची आहे, पॉइंटवर लावायचीच नाही. लेबल पाहून घेतलेली कॉइल आणि मीटर लावून घेतलेली कॉइल यांत पॉइंटच्या एका सेटचा फरक असतो.

मायनस अर्थच्या गाडीत कॉइलचा प्लस इग्निशन स्विचकडे, मायनस डिस्ट्रिब्युटरकडे. उलट जोडली तरी इंजिन चालतं, पण प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं आणि चढावर, भार असताना गाडी अडखळते. हा दोष नंतर शोधायला फार वेळ खातो, म्हणून आत्ताच दोनदा बघा.

काही जीपना रेडिओचा खरखराट अडवण्यासाठी इग्निशनच्या वाटेवर फिल्टरचा डबा असतो. त्यातला कंडेन्सर म्हाताऱ्या वयात आतून शॉर्ट होतो आणि स्पार्कच बंद. बॅटरी सोडवलेली असताना डब्याच्या टर्मिनलपासून बॉडीपर्यंत मीटर लावा. रोध शून्याजवळ आला तर वायर तिथून काढून थेट जोडा. डबा जागेवर राहू द्या, दिसायला शोभतो.

6. पॉइंट, कंडेन्सर, टायमिंग

कंडेन्सर बदलायचा का, हा प्रश्न सगळे विचारतात. चांगला असेल तर नाही. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि कंडेन्सरवर काही शे व्होल्ट येतात. त्याच्या दृष्टीने बॅटरी सहाची की बाराची हा प्रश्नच नाही. पॉइंटचंही तसंच, करंट चारच्या आसपास राखला की मूळचेच चालतात.

तरी डिस्ट्रिब्युटर उघडलाच आहे तर नीट करून घ्या. पॉइंटचा गॅप 0.020 इंच, म्हणजे 0.5 मिलिमीटर. पॉइंटचा ठोकळा कॅमच्या उंचवट्याच्या टोकावर असतानाच मोजायचा. प्लगचा गॅप 0.030 इंच. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2, आणि वरून पाहिलं तर रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. डिस्ट्रिब्युटरच्या आतली पॉइंटकडे जाणारी छोटी लवचीक वायर जरूर पाहा. तिचं वेष्टन घासलेलं असेल तर अधूनमधून अर्थ होते, आणि लोक कार्ब्युरेटर उघडत बसतात.

व्होल्टेज बदललं म्हणून टायमिंग बदलत नाही. टॉप डेड सेंटरच्या (पिस्टन सगळ्यात वर असण्याच्या क्षणाच्या) आधी 5 अंश, तेच. खूण फ्लायव्हीलवर आहे, बेलहाउसिंगच्या छोट्या भोकातून दिसते. इग्निशन चालू करून टेस्ट लॅम्प कॉइलचं मायनस टर्मिनल आणि बॉडी यांच्यात लावा आणि इंजिन हाताच्या हँडलने हळू फिरवा. पॉइंट उघडले की दिवा लागतो. खूण भोकाच्या मध्यावर असताना दिवा लागला पाहिजे.

इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवून चहा प्यायला जाऊ नका. पॉइंट बंद स्थितीत थांबले असतील तर चार अँपिअर सतत कॉइलमधून जात राहतात.

7. डायनामो की अल्टरनेटर

सहाचा डायनामो ठेवून नुसता बाराचा रेग्युलेटर, आपल्याकडच्या भाषेत कटआउट, लावायचा सल्ला मिळेल. चार्जिंग दिसतंही, पण जास्त वेगावरच, आणि फील्डच्या (डायनामोत चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या) गुंडाळ्या तापून जळतात. नको ते.

बाराचा डायनामो आणि त्याच्याच जोडीचा कटआउट लावला तर गाडीचं रूप टिकतं. बसवल्यावर त्याला एकदा पोलराइज करावं लागतं, म्हणजे त्याची प्लस-मायनस दिशा ठरवून द्यावी लागते, आणि इथे दोन पद्धती आहेत. ऑटो-लाइट धर्तीच्या डायनामोत कटआउटच्या बॅटरी आणि आर्मेचर (डायनामोच्या फिरत्या भागाच्या) टर्मिनलांना वायरीचा क्षणभर स्पर्श. लुकास धर्तीच्या डायनामोत फील्डची वायर काढून डायनामोच्या फील्ड टर्मिनलला बॅटरीच्या प्लसचा क्षणभर स्पर्श. एकाची रीत दुसऱ्याला लावली तर कटआउटचे पॉइंट चिकटतात. आपला डायनामो कुठल्या धर्तीचा हे इलेक्ट्रिशियनला विचारूनच करा.

रोजच्या वापराला मी छोट्या कारचा 35 ते 45 अँपिअरचा, आत रेग्युलेटर असलेला अल्टरनेटर सांगेन. त्याहून मोठा घेऊ नका, कारण डॅशवरचा अँपिअर मीटर 50 पर्यंतचाच आहे आणि चार्जिंगचा सगळा करंट त्यातून जातो. जीपचा पट्टा रुंद असतो. अल्टरनेटरची अरुंद पुली त्याला धरत नाही, म्हणून डायनामोची पुली त्यावर बसेल अशी बुशिंग लेथवर करून घ्या. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, ते सरळ पट्टी लावून पाहा.

जुना कटआउट पूर्ण वेगळा करा. त्याच्या आर्मेचर आणि फील्डच्या वायरींची टोकं झाकून बांधा. अल्टरनेटरपासून अँपिअर मीटरपर्यंतची वायर 6 चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक नको.

अल्टरनेटरला वॉर्निंग लॅम्पचं एक टर्मिनल असतं. तिथे इग्निशन स्विचवरून दोन-तीन वॉटचा बाराचा बल्ब मध्ये घालूनच वायर न्यायची. बल्ब न घालता थेट जोडली तर किल्ली बंद केल्यावरही गाडी चालूच राहते, कारण अल्टरनेटर त्याच वायरीने उलटा करंट कॉइलला देत राहतो.

8. सेल्फ

सहाचा सेल्फ बारावर चालतो, आणि जोरात चालतो. पंचाईत जोराचीच आहे. दांडीवरचं गिअर फ्लायव्हीलच्या दातांवर आदळतं, आणि एकदा दात गेले की इंजिन उतरवावं लागतं. सेल्फ उत्तम स्थितीत असेल आणि इंजिन अर्ध्या हँडलवर सुरू होत असेल तर तो ठेवून चालेल. मात्र एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, मध्ये थांबायचं, आणि गिअर पूर्ण थांबल्याशिवाय पुन्हा दाबायचा नाही.

पक्कं काम करायचं तर त्याच सेल्फच्या फील्ड कॉइल बाराच्या गुंडाळून घ्या. बाहेरून काही दिसत नाही. नंतरच्या बारा व्होल्टच्या जीपचा सेल्फ घ्यायचा विचार असेल तर आधी फ्लायव्हीलचे दात मोजा. युद्धकाळातल्या फ्लायव्हीलवर 97 दात आहेत, पुढच्या गाड्यांत ते वेगळे आहेत, आणि बोल्ट जुळले म्हणून दात जुळत नाहीत.

9. पेट्रोलचा काटा, दिवे, हॉर्न

ऑइल प्रेशर आणि तापमानाचे काटे वीज वापरत नाहीत, त्यांना हात लावू नका. अँपिअर मीटरलाही व्होल्टेजशी घेणं नाही. प्रश्न फक्त पेट्रोलच्या काट्याचा. त्याच्या आधी नुसता रेझिस्टर लावला तर टाकीतल्या पातळीप्रमाणे करंट बदलत असल्यामुळे काटा खोटं बोलतो. त्याला स्थिर सहा व्होल्ट हवेत. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला 7806 नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर अगदी स्वस्तात मिळतो. आत येणाऱ्या पायावर 0.33 आणि बाहेर जाणाऱ्या पायावर 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दोन्हींचं दुसरं टोक अर्थला. त्याचा धातूचा पंखा आतून अर्थच असतो, म्हणून डॅशच्या मागे रंग खरवडून पत्र्याला स्क्रूने आवळला की अर्थ आणि थंडावा दोन्ही मिळतात.

बल्ब सगळे बदला, डॅशचे आणि ब्लॅकआउटचे (युद्धात अंधार पाळताना लावायच्या मंद दिव्यांचे)सुद्धा. एकही सहाचा राहिला तर पहिल्याच स्विचला जाईल. हॉर्न बाराचा घ्या. सहाचा बारावर काही काळ ठणठणीत वाजतो आणि मग बसतो.

10. बॅटरी बसवा, पहिल्यांदा सुरू करा

बॅटरी घेण्याआधी ट्रे मोजा आणि बॉनेट बंद केल्यावर राहणारी उंची मोजा. बाराच्या बॅटरीचा प्लस खांब बॉनेटच्या पत्र्याला टेकला तर आग लागते. मातीचा गोळा खांबावर ठेवून बॉनेट बंद करून उघडा, किती चेपला ते दिसेल. दोन बोटं अंतर हवंच, वर रबराची टोपी हवीच. खांबांची डावी-उजवी बाजूही पाहून घ्या, नाहीतर केबल पोहोचत नाही आणि मग ओढाताण होते.

बॅटरीच्या जवळ मुख्य वायरीवर फ्यूज घाला. सेल्फची केबल त्यातून न्यायची नाही.

अर्थची केबल जोडण्याआधी मायनस खांब आणि केबल यांच्यात टेस्ट लॅम्प लावा, सगळे स्विच बंद ठेवून. दिवा लख्ख लागला तर कुठेतरी शॉर्ट आहे, जोडू नका. अल्टरनेटरची अगदी बारीक गळती दिव्यात दिसत नाही, त्यामुळे दिवा पूर्ण विझलेलाच हवा.

आता जोडा, इग्निशन चालू करा आणि हँडलने पॉइंट बंद स्थितीत आणा. कॉइलच्या प्लसवर बॅटरीच्या जवळपास, म्हणजे बाराच्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. बॅलास्ट लावला असेल तर सहा. कॉइलच्या मायनसवर 0.2 व्होल्टच्या आत. जास्त असेल तर पॉइंट घाणेरडे आहेत किंवा डिस्ट्रिब्युटरचा अर्थ ढिला.

हे जुळलं की सेल्फ मारा. इंजिन जरा वेगावर धरून बॅटरीवर मीटर लावा, 13.8 ते 14.4 यायला हवं. दिवे लावा, आकडा 13 च्या खाली जाऊ नये. 15 च्या वर गेला तर लगेच बंद करा, रेग्युलेटरचा अर्थ किंवा रेग्युलेटरच बिघडला आहे.

11. पहिला महिना

पहिल्या फेरीनंतर, इंजिन गरम असतानाच, प्रत्येक जोडाला हात लावून पाहा. आजूबाजूच्यापेक्षा जास्त तापलेला जोड ढिला असतो. कॉइल कोमट असेल, तेवढं चालतं. हात ठेवता येत नसेल तर रोध पुन्हा मोजा.

तीनशे-चारशे किलोमीटरनंतर डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडा. पॉइंट करड्या रंगाचे आणि सपाट असतील तर करंट बरोबर आहे. निळसर असतील तर कॉइल किंवा बॅलास्ट चुकीचा आहे. पट्टा एव्हाना थोडा सैल झाला असेल, तो ताणा. सेल्फचं गिअर बेलहाउसिंगवर कान देऊन ऐका, खणखण वाजत असेल तर फील्ड कॉइल गुंडाळायला टाका.

आणि बॉनेटच्या आत, बॅटरीशेजारी, ‘12 व्होल्ट, मायनस अर्थ’ असं ठळक रंगवा. रस्त्यात दुसऱ्याच्या बॅटरीवरून गाडी सुरू करायला मदत करणारा माणूस जुनी जीप पाहून सहा व्होल्ट गृहीत धरतो.